वरची ओळ तुमची, खालची साकवाची

त्या दिवशी कोन कोन होतं ते आधी सांगते, नायतर उद्या कोनी म्हनेल म्हातारी मनाचं रचून सांगते. चिंचेखाली सभा होती. स्टेजवर दादासाहेब, निवडनुकीला उभे होते. त्यांच्या बाजूला त्यांच्या बायको, त्यांना सगळे वैनी म्हनतात. माईकपाशी सलीमभाय, कळंबच्या नाक्यावर त्याचं मंडपाचं नि भोंग्याचं दुकान हाय. खाली सतरंजीवर आमच्या वाडीची मानसं, बापय एकीकडं, बायका एकीकडं. बायकांच्यात पुढं माजी सासू धोंडाबाय, ती आता नाय. तिच्या मागं मी. नि माज्या मांडीला मांडी लावून माजी धाकटी जाऊ, चांगुणा.

ही गोष्ट चांगुणाची हाय.

तुमी तिला ओळखत नसाल. पन कर्जतपासनं खोपोलीच्या शिळफाट्यापातूर निवडनुकीचा टेंपो फिरला नि भोंग्यावरनं काय कानाला गोड लागलं, तर ते तिचंच समजा. चांगुणा पुढाऱ्यांची नावं घेते. नावं घेते म्हंजे बाई नवऱ्याचं नाव घेते तसं, उखान्यात. दादासाहेबांचं घेतलंय, त्यांच्या इरोधकाचं घेतलंय, त्या इरोधकाला सोडून जो तिसरीकडं गेला त्याचंबी घेतलंय. सासू म्हनायची, "लगीन एक नि नावं तालुक्याची!"

आता हे खूळ कुठनं आलं ते सांगते.

आमची वाडी वढ्याच्या अल्याड, डोंगराच्या पायाशी. शाळा, रेशन, दवाखाना, गाडीचा रस्ता सगळं पल्याड. उन्हाळ्यात वढा दगडांवरनं उड्या मारत पार करायचा. पावसाळ्यात वढाच तुमच्यावरनं उडी मारतो. मी गवताचे भारे डोक्यावर घेऊन त्यातनं गेलीय. माज्या दुसऱ्या बाळंतपनाला मला खाटेवर घालून चौघांनी पल्याड नेली. खाट भिजली, मी भिजले, पोरगं नीट झालं. त्यात काय सांगायचं, सगळ्यांचंच तसं.

पानी चढलं की आमी साखळी करायचो. एकमेकाचा हात धरायचा, पुढं नि मागं दांडगा बापय, मधी बायका-पोरं. एका आषाढात अशीच साखळी चालली होती. शेवटच्या टोकाला माजा दीर, चांगुणाचा नवरा, काशिनाथ. त्याच्या पुढं चांगुणा, त्याचा हात धरून. वरनं लोंढा आला. आमी सगळे पल्याड निघालो. काशिनाथ नाय निघाला.

चांगुणा तवा नवीच होती. हातातला चुडा अजून हिरवागार. लेकरू नाय, बाळ नाय. तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती म्हनली, "साकव झाला की येते." साकव म्हंजे वढ्यावरचा बारका पूल, मानसांपुरता. भावाला वाटलं दोन-चार महिन्यांची गोष्ट हाय. तो बिचारा वाट बघून म्हातारा झाला.

तर त्या सभेत दादासाहेबांनी भाषन केलं, वढ्यावर साकव बांधून देतो म्हनले. टाळ्या झाल्या. मंग कोनी तरी म्हनलं, "बायकांपैकी कोनी दोन शब्द बोला." झालं! सगळ्या बायका एकदम सतरंजीवरची धूळ बघायला लागल्या. नि माज्या मांडीजवळनं चांगुणा उठली. मी पदर वढला तर पदर सोडवून गेली. माईक धरला नि म्हनली,

"वढ्याच्या पान्यात वाहून जातो दरसाल आमचा गाव,
साकव बांधून देनार म्हनून दादासाहेबांचं घेते नाव."

अगं बाय! बायकांनी पदर तोंडात घातले. बापयांच्यातनं एक शिट्टी आली. दादासाहेब टोपीपातूर लाल झाले. नि वैनींनी चांगुणाकडं असं बघितलं, असं बघितलं, की मला वाटलं साकवाच्या आधी हितं भिंत उभी राहते. सलीमभाय हळूच म्हनला, "बाय, बसा खाली. भोंगा सभेचा हाय, लग्नाचा नाय."

घरी आल्यावर सासूनं भांडी आपटली. "भवाने, परक्या बापयाचं नाव घेतलंस! नि ते बी त्याच्या बायकोच्या म्होरं!"

"मंग कसं बोलायचं, आत्या?" चांगुणा म्हनली. "मला दुसरं बोलाय कुनी शिकवलंय? बाईला चारचौघांत तोंड उघडाय दिलं ते फकस्त नाव घ्यायला. मंग मी त्यातच साकव बसवला."

सासूनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती तशीच उठून कोंबड्या झाकायला गेली.

पन गंमत काय झाली, दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारात भाजीवालीबी तोच उखाना म्हनत होती. दादासाहेबांचं भाषन कुनाला आठवत नव्हतं, हिच्या दोन ओळी सगळ्यांच्या तोंडात. आठवड्यात दादासाहेबांचा मानूस दारात हजर. "साहेब म्हनतात, असं अजून चार-दोन करून द्या. फकस्त ते 'नाव घेते' नको. वैनी जेवायला वाढत नायत."

संगं साडी आनली होती. चांगुणानं साडी परत दिली. "साडी नेसून वढा थोडाच वलांडता येतो? माजी अट एकच. वरची ओळ तुमची, खालची ओळ साकवाची."

तवापासनं हेच तिचं बोलनं. कोन बी येवो, कुठला बी झेंडा येवो, वरची ओळ तुमची, खालची साकवाची. मी एकदा म्हनलं, "गं, त्याचं बी करतेस, ह्याचं बी करतेस, लाज नाय वाटत?"

"बाय, दोन्ही बाजूचे भोंगे साकव साकव वरडतात. मला कुठं मानूस निवडून आनायचाय? मला साकव निवडून आनायचाय."

हिचं शिक्षान माज्याएवढंच, म्हंजे सही करताना जीभ भाईर येते. पन ओळी जोडायचं तिचं आपलं एक शास्तर होतं. शेवटचा आवाज जुळला की म्हनायची, "जोड बसली." नाय जुळला तर म्हनायची, "एक बैल माळावर नि एक चिखलात, नांगर चालंल कसा?" भाताच्या लावनीला वाकली की तोंडातल्या तोंडात चालू. मधीच सरळ उभी राहायची, चिखलाचा हात वर करून वरडायची, "बसली गं, जोड बसली!" शेजारच्या शेतातली मानसं समजायची हिला इंचू चावला.

पुढाऱ्यांची मानसं तिला शिकवायला यायची. एकाला दादासाहेबांना वाघ करायचा होता. चांगुणा म्हनली, "वाघ हितं बघितलाय कुनी? ज्यानं बघितला तो सांगायला आला नाय. मतदाराला म्हायती हाय ते जनावर घे." नि तिनं करून दिलं,

"मोत्या जसा दारात, तसे दादासाहेब गावात,
साकवासाठी भुंकतील सरकारच्या कानात."

तो मानूस च्या अर्धा टाकून गेला. चांगुणाला कळंना काय चुकलं. "मोत्यापरीस इमानी कोन हाय, सांग बाय? वाघ काय दाराशी बसून राहतो?" आता ह्यात मी काय सांगनार. आमचा मोत्या खरंच गुनाचा होता.

दुसरा एक मुंबईवरनं आला, चश्मेवाला. त्याला 'विकासाचा सूर्य' पायजे होता. ती म्हनली, "भाऊ, सूर्य आमच्याकडं रोज येतो. कोरड्या पायानं येतो. त्याला साकव लागत नाय, त्याला काय कळनार?" कुनी म्हनलं जरा वाढवून लिवा, डोंगराएवढं काम केलंय असं म्हना, तर म्हनायची, "भात शिजताना फुगतो, फुगू दे. पन पातेल्याभाईर गेला की चूल इझते." नि एकच गोष्ट परत परत का घालतेस म्हनलं तर तिचं म्हननं, "पयल्यांदा लोक ऐकत नायत. दुसऱ्यांदा इसरतात. तिसऱ्यांदा त्यांना वाटतं हे आपल्यालाच सुचलं."

हे खूळ निवडनुकीपुरतं राहिलं असतं तर बरं. पन तिला सादं बोलताच येईना. रेशनच्या दुकानात रांगेत उभी राहून म्हनायची,

"काटा डुलतो डुलतो नि साखर पडते थोडी,
आंगठा काढा तराजूवरनं, मंग बघू तुमची गोडी."

दवाखान्यात नवी डॉक्टरीन आली, तिला म्हनली, "डॉक्टरबाय, सुई द्या पन हळू, नि मी वरडले तर म्हनू नका म्हातारी लागली पळू." ती पोर एवढी हसली की सुई हातातच राहिली. माज्याशी भांडायची तेबी जोडीत. माजी कोंबडी हिच्या मिरच्यांत गेली तर ही कमरेवर हात ठेवून उभी, ओठ हलतायत, जोड बसायची वाट बघतेय. तवर माजं अर्धं भांडन उरकायचं. घरात कदीच जिंकली नाय ती.

नि साकव? साकव येत नव्हता.

निवडनुका आल्या नि गेल्या. वढ्याच्या काठी नारळ फुटायचे, कुदळ मारतानाचा फोटो निघायचा, कुदळ गाडीत घालून न्यायची. चांगुणा म्हनायची, "वढ्याला खोबरं पुरे झालं, आता दगड घाला." दर पावसाळ्यात आमची साखळी तशीच. चांगुणा साखळीत कायम शेवटच्या टोकाला उभी राहायची. बापय म्हनायचे, बाई तू मधी हो. ती नाय व्हायची.

मंग ही मागची निवडनूक आली. आता काळ बदलला. टेंपोवर डीजे, डीजेवर लाइट, पुढाऱ्याचा फोटो एवढा मोठा की टेंपो दिसत नाय. दादासाहेब परत उभे. केस पांढरे झालेले, फोटोत काळे. त्यांचा मानूस आला, चांगुणानं करून दिलं,

"बोलबच्चन ऱ्हाऊ दे रं, काम करून दाखव,
दादासाहेब बांधतील वढ्यावरती साकव."

सलीमभायच्या दुकानात तिच्याच आवाजात रेकॉर्डिंग झालं. दोन दिवस टेंपो पुऱ्या ओळींनी फिरला. पोरासोरांना पाठ. मंग दादासाहेबांच्या हाताखालच्या कुनाला तरी अक्कल सुचली. त्याला वाटलं सारखं साकव साकव कशाला, उद्या अंगाशी येईल. त्यानं खालची ओळ काढून टाकली. वरची ठेवली नि पुढं 'दादासाहेबांनाच मत द्या' चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी टेंपो पल्याडच्या रस्त्यावर आला. आमी दारात तांदूळ निवडत होतो. भोंगा वरडला, "बोलबच्चन ऱ्हाऊ दे रं, काम करून दाखव..."

नि वाडीतली पोरं वरडली, "साकव!"

भोंगा थांबला. ड्रायव्हरला वाटलं कोनी हाक मारतंय. परत चालू केलं. "...काम करून दाखव..." आता बायका बी, दारादारातनं, "साकव!" माजी नात, तिची आई, मी सुदा. मला कळलंच नाय मी कवा वरडले. तोंडातनं आपोआप आलं. चांगुणा सूप घेऊन बसली होती. ती वरडली नाय. नुसती म्हनली, "जू मोडून एक बैल नेला त्यांनी. लोकांनी दुसरा जुपला बघ."

हे वाडीपुरतं राहिलं नाय. टेंपो कळंबला गेला, नाक्यावरची मानसं, "साकव!" कर्जतच्या बाजारात, "साकव!" ज्या गावांना वढाच नाय तिथलीबी पोरं वरडायला लागली. कुनी तरी मोबाइलवर काढलं नि सगळीकडं धाडलं. शेवटाला दादासाहेब स्वता मोठ्या सभेत बोलायला उभे राहिले. "मी करून दाखव..." एवढंच तोंडातनं निघालं, 'वलं' निघायच्या आधी सगळं मैदान, "साकव!"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात. गाडी पल्याड ठेवून, पायजमा गुडघ्यापातूर वर करून वढ्यातनं आले. बूट हातात.

"चांगुणाबाय, तुमी माजी सभा मोडलीत."

"मी? मी तर भाकऱ्या थापत होते. ओळ तुमच्या मानसांनी मोडली. अर्धी ओळ रस्त्यात टाकली की कुनी तरी उचलनारच."

"मंग आता मी काय करू?"

"पुरी करा," ती म्हनली.

दादासाहेब बाजेवर बसले, वल्या पायांकडं बघत राहिले. मी च्या दिला. जाताना वढ्यात मधी थांबले, पान्यात हात घालून कायतरी बघितलं, मंग गेले.

ते निवडून आले, थोडक्यात आले. नि खरं सांगते, ह्या खेपेला नारळाच्या आधी दगड आले. खडी आली, सळई आली. चांगुणा रोज काठावर जाऊन बसायची. गवंडी वैतागले तिला. त्यांना म्हनायची,

"शिमिट घाला मोप नि रेती घाला कमी,
वाहून गेला साकव तर तुमाला शोधीन मी."

संध्याकाळी गवंडी गेले की ती स्वता घागरीनं शिमिटावर पानी मारायची. मी म्हनायची, अगं म्हातारे, त्यांचं काम हाय ते. ऐकते कुठं.

मंग उद्घाटन. परत मंडप, परत भोंगा, सलीमभायची दाढी आता पांढरी. दादासाहेब, वैनी, सगळा तालुका. फीत कापली. दादासाहेब खुशीत होते, माईकवर म्हनले, "चांगुणाबाय कुठं हायत? या, या! आज मानानं घ्या माजं नाव!" नि वैनी हसून म्हनल्या, "घ्या वो, मला आता सवय झाली."

सगळे हसले. चांगुणा साकवावर गेली, मधोमध उभी राहिली. सलीमभायनं माईक दिला. तिनं धरला. खाली पान्याकडं बघत राहिली. आमाला वाटलं जोड बसंना झालीय. दादासाहेब म्हनले, "घ्या, घ्या, लाजू नका." तवा ती म्हनली,

"पुरानं वाट मोडली नि सुटला हातातला हात,
साकव झाला, पाय भिजनार नाय, घरी या वो काशिनाथ."

दादासाहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. आमच्यात नवरा गेला की बाईला नाव घे म्हनत नायत. हळदीकुंकवाला नाय, डोहाळजेवनाला नाय, कुठंच नाय. ती मागं बसते, भांडी घासायची वेळ आली की पुढं येते. तालुक्यातल्या सगळ्या बापयांची नावं हिनं भोंग्यावर घेतली, पन हे नाव काशिनाथ गेल्यापासनं मी हिच्या तोंडनं ऐकलं नव्हतं. मागनं कुनी तरी म्हातारी पुटपुटली, "असं घेत नायत गं."

चांगुणानं माईक खाली केला.

आता नवी नवरी नाव घेते तवा थोरल्या जावेचं एक काम असतं. तिनं नवरीला चिडवायचं असतं. मी थोरली जाऊ. माजे गुडघे धरलेले, पन मी उठले. तिथनंच वरडले, "ऐकू नाय आलं गं चांगुणे! परत घे!"

तिनं मान वर केली. मंग माज्या बाजूची वरडली, "परत घे!" मंग तिच्या बाजूची. मंग पुरी बायकांची बाजू, "ऐकू नाय आलं! ऐकू नाय आलं!" वैनी सुदा. सलीमभायनं भोंगा पुरा चढवला नि म्हनला, "घ्या बाय, आता कळंबपातूर जाईल."

नि आमची चांगुणा, डोक्याचे सगळे केस पांढरे, तोंडात दात मोजके, तिनं पदर तोंडाला लावला नि लाजली. खरंच लाजली, चुडा भरल्या दिवशी लाजली होती तशी. मंग परत घेतलं. मोठ्यानं घेतलं. वढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं.

मला लिवता येत नाय, सांगता येतं, म्हनून सांगितलं. तुमच्याकडं एक मागनं हाय. तुमच्या घरी हळदीकुंकू असलं, बारसं असलं, नि मागं कुनी अशी बाई बसलेली दिसली, तर तिला पुढं बोलवा. तिच्या मानसाचं नाव घ्याय सांगा. नि तिनं घेतलं की म्हना, ऐकू नाय आलं, परत घे.